नवे पैसे आणि जुने किलोबाइट

आमच्या आजोबांचे तालुक्याच्या गावी किराणा मालाचे दुकान होते. दुकान मोडून बरीच वर्षे झाली, पण त्यांच्या हिशेबाच्या चाळीस वह्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तशाच राहिल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात पेटी उघडली तेव्हा काही पानांना कसर लागलेली दिसली, आणि आता आणखी थांबण्यात अर्थ नाही असे वाटून मी त्या सगळ्या वह्या स्कॅन करायला घेतल्या. प्रत्येक वहीची शंभर पृष्ठे, म्हणजे एकूण चार हजार. दीड महिना रोज संध्याकाळी हेच काम चालले होते. ते संपले त्या रविवारी दुपारी चार वाजता मी न्यू जर्सीतल्या चुलतभावाला मोठ्या उत्साहाने कळवले, की त्याची सकाळची न्याहारी होईपर्यंत सगळ्या वह्या त्याला पाहता येतील.

माझा हिशेब असा होता. एका पृष्ठाची फाइल सुमारे २५ एमबी. गुणिले ४००० म्हणजे एक लाख एमबी. म्हणजे १०० जीबी. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस, तेव्हा एक लाख भागिले २० म्हणजे ५००० सेकंद, अर्थात एक तास तेवीस मिनिटे. साडेपाचच्या आत काम फत्ते. प्रत्यक्षात रात्री जेवणे आटोपली तेव्हा निम्म्या वह्यासुद्धा गेल्या नव्हत्या, आणि शेवटची फाइल पहाटे केव्हातरी गेली. भावाची न्याहारी तर झालीच, दुपारचे जेवणही झाले आणि त्याची संध्याकाळ उजाडली.

वरच्या हिशेबातला गुणाकार आणि भागाकार दोन्ही बरोबर आहेत. चूक एककांत आहे, आणि ती एक नसून दोन आहेत. दोन्ही चुका इतक्या सरसहा होतात, आणि लहानापासून प्रचंड आकारापर्यंत सगळीकडे इतक्या सारख्या पद्धतीने होतात, की त्यांची नीट उलगड करून ठेवावी असे मला वाटले.

पहिली चूक बिट आणि बाइट यांच्यातली. बिट म्हणजे हो किंवा नाही, शून्य किंवा एक, एवढीच माहिती. हा शब्द संख्याशास्त्रज्ञ जॉन टूकी यांनी सुचवला आणि गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या लेखाने तो रूढ झाला. बाइट हा शब्द १९५६ मध्ये आयबीएम कंपनीतल्या वर्नर बुखहोल्त्झ यांनी योजला, आणि बाइट म्हणजे आठ बिट हे समीकरण १९६४ च्या सिस्टिम ३६० या संगणकमालिकेनंतर पक्के होत गेले. गंमत अशी, की एखादे अक्षर चुकून गळले तर बाइटचा बिट होऊ नये म्हणून बुखहोल्त्झ यांनी इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदलून घेतले होते. पण पुढे संक्षेप आले आणि टाळलेला गोंधळ मागच्या दाराने परत आला. संकेत असा आहे, की बाइटसाठी मोठा बी लिहावा आणि बिटसाठी लहान. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत, त्यामुळे मराठीत मेगाबिट आणि मेगाबाइट हे दोघेही 'एमबी' होऊन बसतात आणि वाचणाऱ्याने संदर्भावरून काय ते ओळखायचे असते. इंग्रजीतही कोणी फार काळजी घेते असे नाही. एम आणि बी ही दोन्ही अक्षरे लहान लिहिली तर काटेकोर अर्थाने ते मिलिबिट होईल, म्हणजे एका बिटाचा हजारावा भाग. माहितीशास्त्रात बिटाच्या अपूर्णांकाला अर्थ आहे, कारण ज्या गोष्टीचा निकाल आधीच जवळजवळ ठाऊक आहे ती कळल्याने एका बिटाहून कितीतरी कमी माहिती मिळते. पण इंटरनेटच्या जाहिरातीत तो अर्थ कोणाला अभिप्रेत नसावा.

जोडणीचा वेग नेहमी बिटांत सांगतात आणि फाइलचा आकार नेहमी बाइटांत. तेव्हा माझे २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट, अर्थात अडीच मेगाबाइट. दीड तासाचे अकरा तास झाले ते एवढ्याने.

दुसरी चूक जास्त मुरलेली आहे, आणि ती समजायला आजोबांच्या वह्यांइतके चांगले साधन मला दुसरे सापडले नाही. १९५७ च्या मार्चपर्यंत त्यांच्या पानांवर रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने आहेत. सोळा आण्यांचा रुपया, चार पैशांचा आणा, तीन पैंचा पैसा. म्हणजे रुपयाचे पैसे चौसष्ट. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले. नाव तेच, किंमत वेगळी, आणि दोन्ही नाणी काही काळ एकाच गल्ल्यात. घोटाळा होऊ नये म्हणून सरकारने नव्या नाण्याला 'नया पैसा' असे नाव दिले, आणि जुने नाणे व्यवहारातून जाऊन गोंधळाची भीती उरली नाही तेव्हा, १९६४ च्या जूनपासून, 'नया' हा शब्द गाळून टाकला. आजोबांच्या एप्रिल १९५७ च्या वहीत रकान्यांच्या डोक्यावर 'न.पै.' असे ठळक लिहिलेले आहे आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला आण्यांचे नवे पैसे करण्याचा तक्ता डकवलेला आहे.

किलोबाइटचे दुखणे नेमके हेच आहे. किलो म्हणजे हजार. किलोमीटरमध्ये हजार मीटर, किलोग्रॅममध्ये हजार ग्रॅम. पण संगणकाच्या स्मृतीची रचना दुपटीने वाढते. स्मृतीतल्या जागांना क्रमांक देणारी एक तार वाढवली, की जागा दुप्पट होतात. दहा तारांनी १०२४ जागा होतात. आपल्याकडच्या जुन्या धान्यमापांना ही दुपटीची चाल चांगली परिचयाची होती: दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर. तिथे प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव होते म्हणून भांडण नव्हते. संगणकवाल्यांनी मात्र १०२४ हा आकडा हजाराच्या इतका जवळ पाहून त्यालाच किलो म्हणायला सुरुवात केली. चोवीसच तर जास्त आहेत, कोण विचारतो, अशी ती सवय.

किलोपाशी हा फरक २.४ टक्के आहे, पण प्रत्येक पायरीला तो वाढत जातो, कारण चुकीलाही चुकीनेच गुणले जाते. दुपटीच्या हिशेबातला मेगाबाइट १०,४८,५७६ बाइटांचा, म्हणजे दशलक्षापेक्षा ४.९ टक्के मोठा. गिगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा, फरक ७.४ टक्के. टेराबाइटला तो १० टक्क्यांच्या घरात जातो, एक्साबाइटला १५ टक्के ओलांडतो आणि योटाबाइटला २१ टक्क्यांना टेकतो. एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क लावली की विंडोज तिच्यात ९३१ जीबी दाखवते आणि घेणाऱ्याला दुकानदाराने फसवल्यासारखे वाटते, त्याचे कारण हेच. डिस्क बनवणारा लाख कोटी बाइट मोजून देतो. विंडोज त्याला १,०७,३७,४१,८२४ ने भागते आणि तरीही पुढे जीबी हेच नाव लावते. एकही बाइट हरवलेला नसतो.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये दुपटीच्या मापांना वेगळी नावे मंजूर केली: किबी, मेबी, गिबी, टेबी आणि पुढे. १०२४ बाइट म्हणजे किबिबाइट, आणि किलोबाइट म्हणजे हजार बाइट, दुसरे काही नाही. तत्त्वतः हा 'नया पैसा'च आहे. फरक एवढाच, की नया पैसा टांकसाळीतून निघून थेट लोकांच्या हातात पडला आणि जुने नाणे परत घेतले गेले. इथे जुने नाणे कोणी परत घेतलेच नाही. लिनक्सवर काम करणाऱ्यांना गिबिबाइट दिसतो, मॅकने २००९ पासून दहाच्या पटीत मोजायला सुरुवात केली, विंडोज अजून जुनेच नाव चालवते, आणि बोलताना 'गिबिबाइट' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मी स्वतःही म्हणत नाही. पण हिशेब करताना तो शब्द मनात धरावा लागतो, एवढे मात्र शिकलो.

या घोळाचा सर्वांत नामी नमुना आमच्या पिढीने खिशात घेऊन मिरवला आहे. साडेतीन इंची फ्लॉपीवर १.४४ एमबी असे छापलेले असे. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळे, प्रत्येक वर्तुळात १८ खंड आणि प्रत्येक खंडात ५१२ बाइट. सगळे गुणले की १४,७४,५६० बाइट होतात. दहाच्या हिशेबात हे १.४७ मेगाबाइट, दुपटीच्या हिशेबात १.४१ मेबिबाइट. मग १.४४ आले कुठून? एकदा १०२४ ने भागले, १४४० आले. मग ते हजाराने भागले. म्हणजे तो मेगाबाइट ना जुना, ना नवा; अर्धा आणा आणि अर्धा नवा पैसा.

हे हसून लिहितो आहे खरे, पण त्या रविवारी मीही अगदी हेच केले होते. माझ्या संगणकाने दाखवलेले २५ एमबी हे खरे तर २४.८९ मेबिबाइट होते. ते आधी पंचवीस केले, मग चार हजारांनी गुणले आणि मग बिनदिक्कत हजाराने भागून १०० जीबी काढले. मूळ आकडे पाहू. स्कॅनरच्या काचेवरचे ए-चार आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या दराने घेतले, की आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके येतात, गुणाकार ८६,९९,८४०. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, तेव्हा एका पानाचे २,६०,९९,५२० बाइट, आणि चार हजार पानांचे १,०४,३९,८०,८०,००० बाइट. हे १०४.४ गिगाबाइट आहेत, किंवा ९७.२ गिबिबाइट आहेत. १०० मात्र कशातच नाहीत. याला आठाने गुणून सेकंदाच्या दोन कोटी बिटांनी भागले, की ४१,७५९ सेकंद, म्हणजे ११ तास ३६ मिनिटे येतात. पहाटे साडेतीन.

म्हणून माझी पद्धत आता अशी आहे, की एका मोठ्या एककातून दुसऱ्या मोठ्या एककात उडी मारायची नाही. आधी तळाला, म्हणजे बिटापर्यंत किंवा बाइटापर्यंत उतरायचे. उतरताना पायऱ्या हजाराच्या की १०२४ च्या हे विचारायचे. बिट-बाइटचा आठ तिथे तळाशीच लावायचा. आणि मग हव्या त्या एककापर्यंत वर चढायचे. आकडा पूर्णांकात आणायचा तो अगदी शेवटी, एकदाच. आजोबांचा तक्ता हेच सांगतो. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वाचे नाणे नाही म्हणून तक्त्यात सहा दिले आहेत. एकेक आण्याच्या सोळा काडेपेट्या वेगवेगळ्या वेळी विकल्या तर गल्ल्यात शहाण्णव नवे पैसेच येतात आणि रुपयामागे चार पैशांची तूट लागते. सोळाही एकदम विकल्या तर पुरा रुपया येतो.

उदाहरण म्हणून तीन एक्साबाइटांचे मेगाबिट करू. एक्सा म्हणजे एकावर अठरा शून्ये. तीनवर अठरा शून्ये एवढे बाइट. आठाने गुणून चोवीसवर अठरा शून्ये एवढे बिट. मेगाची सहा शून्ये काढली की चोवीसवर बारा शून्ये उरतात, म्हणजे चोवीस लाख कोटी मेगाबिट. कागदसुद्धा लागत नाही. कोणत्या नावाला किती शून्ये हे मात्र पाठ हवे, आणि त्यासाठी मराठी माणसाला एक सोय आहे. पेटापासून पुढची नावे ग्रीक-लॅटिन अंकांवरून घडवली आहेत आणि हजाराने किती वेळा गुणले ते सांगतात: पेटा पाच वेळा, एक्सा सहा, झेटा सात, योटा आठ. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेने त्यात रोना आणि क्वेटा यांची भर घातली; ते नऊ आणि दहा. पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश म्हणत गेले की भाषाभगिनींचे नाते कानाला कळते, आणि त्या संख्येला तिनाने गुणले की शून्ये मिळतात.

आपली स्वतःची मोजणी मात्र या चालीशी सारखी जुळत नाही, कारण हजारानंतर आपण दोन-दोन शून्यांनी पुढे जातो आणि ती तीन-तीनांनी. म्हणून किलो म्हणजे सरळ हजार, पण मेगा म्हणजे दहा लाख; गिगाला पुन्हा एकच शब्द मिळतो, अब्ज; टेरासाठी परत लाख कोटी असे जोडून म्हणावे लागते. झेटा मात्र विलक्षण सुबक आहे: कोटी कोटी कोटी, बरोबर एकवीस शून्ये. भास्कराचार्यांच्या लीलावतीत दसपटीने वाढणारी नावे परार्धापर्यंत, म्हणजे सतरा शून्यांपर्यंत दिली आहेत; त्या मापाने एक एक्साबाइट म्हणजे दहा परार्ध बाइट. मला ही नावे वापरायला आवडली असती, पण तिथेही जुन्या-नव्या पैशांचा घोळ आहेच. लीलावतीतले खर्व दहा अब्जांचे आहे, तर हिंदीतले खरब शंभर अब्जांचे.

नावे पाठ झाली तरी आकार डोळ्यांसमोर येत नाही, त्यासाठी मी सगळे वेळात बदलून पाहतो. सेकंदाला एक गिगाबिट या वेगाने एक टेराबाइट पाठवायला सव्वादोन तास लागतात. पेटाबाइटला ९३ दिवस. एक्साबाइटला अडीचशेहून अधिक वर्षे, म्हणजे पानिपतानंतर लगेच सुरू केले असते तर काम आता कुठे आवरले असते. झेटाबाइटला अडीच लाख वर्षे. शास्त्रज्ञांना हे गणित करून निर्णय घ्यावे लागतात. कृष्णविवराचे जे पहिले चित्र १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झाले, त्याच्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवरच्या निरनिराळ्या दुर्बिणींनी मिळून सुमारे पाच पेटाबाइट माहिती टिपली होती. एक गिगाबिटच्या वेगाने ती पाठवायला ४६३ दिवस लागले असते, म्हणून हार्ड डिस्क खोक्यांत भरून विमानाने अमेरिकेतल्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनला नेण्यात आल्या. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमाने सुरू होईपर्यंत अडकून पडल्या आणि डिसेंबरात पोहोचल्या. हे वाचल्यावर माझ्या अकरा तासांचे मला फारसे वाईट वाटेनासे झाले.

दुसऱ्या टोकाची, अगदी लहान एककांची मजा मराठी लिहिणाऱ्याला रोज भेटते. मोबाइलवरच्या साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला तिथे सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीच्या चिन्हाला सोळा लागतात, म्हणून सत्तरच. संगणकावरच्या नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट पडतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे धरली जातात. 'मराठी' हा शब्द दिसायला तीन अक्षरांचा, पण म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट, म्हणजे १२० बिट. तरीही आजोबांचे एखादे दीड हजार चिन्हांचे पान टंकून काढले तर ते साडेचार हजार बाइटांच्या आत मावते. त्याच पानाचे रंगीत चित्र त्याच्या ५८०० पट मोठे. आणि केवळ काळे-पांढरे, ठिपक्याला एकच बिट या हिशेबाने घेतले असते तर ते १०,८७,४८० बाइटांत आटोपले असते, रंगीताच्या बरोबर चोविसाव्या हिश्शात, आणि भावाला न्याहारीच्या आधीच मिळाले असते. पण मग तांबड्या शाईच्या नोंदी आणि मंजिष्ठी डाग गेले असते, म्हणून ते केले नाही.

सोमवारी भावाचा फोन आला. त्याच्याकडे मॅक आहे. सगळ्या फाइली मिळाल्या, मोजल्या, बरोबर चार हजार आहेत, पण त्याच्याकडे १०४.४ जीबी दिसतात आणि मी पाठवलेल्या माझ्या संगणकाच्या पडद्याच्या चित्रात ९७.२ आहेत, वरचे सात जीबी आले कुठून, असे त्याने विचारले. मी त्याला १९५७ ची वही उघडायला सांगितले, पुठ्ठ्याच्या आतला तक्ता दाखवला आणि नव्या पैशाची सगळी कथा ऐकवली. जीबीचे त्याला दोन मिनिटांत पटले. पुढचा अर्धा तास मात्र, तीन आण्यांना एकोणीस नवे पैसे दिले आहेत तर दोन आण्यांना साडेबाराचे तेरा न करता बाराच का केले, आणि तो अर्धा पैसा गिऱ्हाइकाच्या पदरात पडत होता की आजोबांच्या, यावर आमचा वाद चालला.